रोमन शकुन: देवाची परवानगी की सत्ताधाऱ्यांचा नकाराधिकार?

रानवाटा (धागालेखक)

'रोमन लोक कोंबड्यांना विचारून लढाया करायचे' हे वाक्य अधूनमधून कुठल्या ना कुठल्या चर्चेत टपकतं आणि त्यावर हशा पिकतो. हसायला हरकत नाही, पण त्या हशात मुद्दा निसटतो. माझं म्हणणं असं की रोमचे सरकारी शकुन, म्हणजे ऑस्पिकिया, हा भविष्य बघण्याचा प्रकार नव्हताच. 'ही लढाई मी जिंकेन का?' असा प्रश्न तिथे विचारलाच जात नसे. प्रश्न एकच असे: 'हे काम आज करू का?' देवांचा राजा ज्युपिटरने 'नको' म्हटलं तर तो नकार त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची मुभा होती. त्यामुळे 'शकुन खरा ठरला का' ही कसोटी त्याला लावण्यात अर्थ नाही. कसोटी एवढीच, की विधी बिनचूक झाला का.

शकुन घेण्याचा हक्क ऑगुर नावाच्या पुरोहितांचा नव्हता. तो कॉन्सल (दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी), प्रीटर (न्यायाधिकारी), सेन्सॉर (जनगणना आणि नीतिमत्ता बघणारे) अशा पदाधिकाऱ्यांचा. ऑगुर हे त्या शास्त्राचे कायदेपंडित, तहहयात नेमलेले. इ.स.पू. ३०० च्या ओगुल्नियुस कायद्याने त्यांची संख्या ९ झाली, सुल्लाने ती १५ केली आणि सीझरने १६. रोमन दिवस मध्यरात्री सुरू होई. शकुन आणि काम एकाच दिवशी व्हायला हवं, म्हणून पदाधिकारी मध्यरात्रीनंतर उठे. उठायचं तेही आवाज न करता. मग पक्क्या, न हलणाऱ्या बैठकीवर बसायचं आणि पुन्हा अंथरुणावर येईपर्यंत हातून काही खाली पडू द्यायचं नाही. याला ते 'सिलेन्तियुम' म्हणत. ऑगुरांच्या लेखी त्याचा अर्थ विधीत कसलाही दोष नसणं. उंदराची चीं-चीं झाली तरी सिलेन्तियुम मोडलं.

मग आकाशाचा एक भाग शब्दांनी आखून घ्यायचा. अमुक झाडापासून तमुक झाडापर्यंत, एवढ्यात दिसेल तेच धरायचं. पक्ष्यांचे दोन वर्ग होते. गरुड, गिधाड यांचं उडणं बघायचं, तर कावळा, डोमकावळा, घुबड यांचा आवाज ऐकायचा. दक्षिण इटलीत बान्तिया इथे इ.स.पू. पहिल्या शतकातली अशी एक जागा प्रत्यक्ष सापडली आहे. तीन-तीनच्या तीन रांगांत नऊ दगड, आणि त्यांवर कोणत्या बाजूचा पक्षी काय सांगतो याची त्रोटक अक्षरं कोरलेली.

सैन्यासोबत कोंबड्या नेत, त्या सोयीसाठी. छावणीत पहाटेपर्यंत आकाश न्याहाळत बसायला सवड कुठली? पुल्लारियुस म्हणजे कोंबड्यांचा रखवालदार पिंजरा उघडे आणि घट्ट लापशीचे गोळे समोर टाकी. कोंबड्या अधाशासारख्या खाताना चोचीतून तुकडा जमिनीवर पडला की उत्तम शकुन, त्याचं नाव त्रिपुदियुम. बाहेर यायला नकार, ओरडणं, पंख फडफडवणं, पळून जाणं हा नकार.

आता इ.स.पू. २९३ ची अक्विलोनियाची लढाई बघा. सैनिक लढायला उतावीळ झालेले, कोंबड्यांनी तोंड लावलेलं नाही, आणि पुल्लारियुसने कॉन्सल पापिरियुस कुर्सोरला ठोकून दिलं की त्रिपुदियुम झालं. कॉन्सलच्या पुतण्याने खरा प्रकार येऊन सांगितला. कॉन्सलचं उत्तर असं, की मला जो कौल कळवला गेला तोच माझा कौल, खोटं बोलल्याचं पाप बोलणाऱ्याच्या माथी. त्याने पुल्लारियुसांना पहिल्या फळीत उभं केलं. लढाई जुंपण्याआधीच कुठून तरी आलेल्या भाल्याने तो खोटारडा मेला, आणि लढाई रोमनांनी जिंकली. ही भविष्यवेत्त्याची भाषा नाही, रीतसर अहवालावर सही करणाऱ्याची आहे.

तिरकस

मांडणी चोख, निष्कर्ष अमान्य. 'कार्यपद्धती होती' म्हणताय, पण ती कुणाच्या हातात होती हे सांगायचं राहिलं.

इ.स.पू. ३२७. कॉन्सलने छावणीत, रात्रीच्या शांततेत, मार्कुस क्लाउदियुस मार्केल्लुसला हुकूमशहा (संकटकाळापुरता सर्वाधिकारी) नेमलं. रोममध्ये बसलेल्या ऑगुरांनी निर्णय दिला की नेमणूक सदोष. ट्रिब्युनांनी, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधींनी, विचारलेले प्रश्न इतिहासकार लिव्हीने नोंदवले आहेत: कॉन्सल रात्री एकटा उठतो, त्याने कुणाला पत्र लिहिलेलं नाही, काही पाहिलं-ऐकलं म्हणणारा एकही माणूस पुढे आलेला नाही, मग इथे बसून तुम्हाला दोष दिसला कसा? दोष एकच, तो माणूस प्लेबियन, म्हणजे सामान्य वर्गातला आहे. या प्रश्नांवर ऑगुरांचं उत्तर लिव्ही देत नाही.

इ.स.पू. २१५. दुसरा मार्केल्लुस, हॅनिबलच्या युद्धातला, कॉन्सलपदी निवडून येतो. पद स्वीकारताना ढग गडगडतात. ऑगुर म्हणतात निवड सदोष. पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या खानदानी घराण्यांतली मंडळी कुजबूज पसरवतात की दोन्ही कॉन्सल प्लेबियन असणं देवांना रुचलं नाही. मार्केल्लुस पायउतार होतो आणि जागेवर कोण येतो? फाबियुस माक्सिमुस, जो स्वतः ऑगुर. याला तुम्ही विधीचा बिनचूकपणा म्हणणार असाल तर म्हणा बापडे.

आणि त्या कोंबड्या! वक्ता आणि राजकारणी सिसेरो इ.स.पू. ५३ मध्ये ऑगुर झाला, म्हणजे आतला माणूस. त्याने इ.स.पू. ४४ मध्ये शकुनविद्येवर जे लिहिलं त्यात या सोहळ्याचे संवादच दिले आहेत.
'क्विन्तुस फाबियुस, माझ्या शकुनाला तू हजर राहावंस.'
'ऐकलं.'
'सिलेन्तियुम दिसलं की सांग.'
तो माणूस ना वर बघतो, ना इकडेतिकडे. लगेच म्हणतो: 'दिसतंय.'
'खाताहेत का सांग.'
'खाताहेत.'
संपला विधी. सिसेरो पुढे विचारतो की पिंजऱ्यात कोंडून उपाशी मारलेली कोंबडी लापशीवर तुटून पडली आणि तुकडा सांडला, तर त्यात ज्युपिटर कुठे आला? लापशीचा गोळा सांडणारच. कोंबडीला किती तास उपाशी ठेवायचं हे पुल्लारियुसच्या हातात, म्हणजेच उत्तरही त्याच्याच हातात.

खडूफळा

ते 'खात नाहीत तर पाणी पिऊ दे' म्हणत कोंबड्या समुद्रात फेकणारे महाशय कोण? ते खरं की दंतकथा?

रानवाटा

@खडूफळा, पुब्लियुस क्लाउदियुस पुल्केर, इ.स.पू. २४९, सिसिलीतल्या द्रेपानाची सागरी लढाई. इतिहासकार पॉलिबियसने ही लढाई सविस्तर लिहिली आहे, पण त्यात कोंबड्यांचं नाव नाही. त्याने दिलेलं कारण निव्वळ दर्यावर्दी आहे. रोमन गलबतांची पुढची रांग बंदरात शिरत असताना कार्थेजचा सेनापती दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. क्लाउदियुसने माघारीचा इशारा दिला तेव्हा आत शिरणारी आणि बाहेर निघणारी गलबतं एकमेकांवर आदळली, वल्ही मोडली. नंतर किनाऱ्याला पाठ लावून लढावं लागलं, वळायला जागा नाही. ९३ गलबतं शत्रूच्या हाती लागली, कॉन्सल सुमारे ३० घेऊन निसटला. कोंबड्यांची हकिकत सिसेरोपासून पुढच्या लेखकांत ठळक होते, म्हणजे जवळपास दोनशे वर्षांनी. त्याच्यावर खटला झाला आणि दंड बसला एवढं नक्की.

@तिरकस, उपाशी कोंबडीचा मुद्दा मला मान्यच आहे, फक्त तो तुमच्या बाजूचा नाही. रोमनांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. परवानगी मिळवण्याचा सोपा मार्ग हवा म्हणूनच तर पक्ष्यांकडून ते कोंबड्यांकडे आले. ज्यांना खरोखर भविष्य जाणून घ्यायचंय ते लोक साधन असं पढवून ठेवत नाहीत.

याच सिसेरोने मार्केल्लुसची सवय सांगितली आहे. एखादं काम पार पाडायचंच असलं की तो पडदे बंद करून मेण्यातून जाई, म्हणजे वाटेत अपशकुन नजरेला पडायलाच नको. आपल्याला ही पळवाट वाटते, पण ऑगुरांच्या शास्त्रात ती बसत होती. मागून घेतलेला शकुन वेगळा आणि आपण होऊन समोर आलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारचा शकुन, काम सुरू करताना 'मी तो पाहिला नाही' असं म्हणणाऱ्याला लागू होत नाही, हा त्यांचा सिद्धान्त थोरल्या प्लिनी या लेखकाने नोंदवून ठेवला आहे. असा नियम कायद्यात शोभतो, भविष्यशास्त्रात नाही.

आडकित्ता

दोघेही पक्ष्यांवरच भांडताय आणि अर्धा रोम बाहेर राहिलाय. बळी दिलेल्या पशूचं यकृत बघणाऱ्या एत्रुस्कन हरुस्पेक्सांना वगळून 'रोमन लोक भविष्य बघत नसत' असं सिद्ध करणं म्हणजे अवघड प्रश्न पर्यायाला टाकून पेपर सोडवणं. रानवाटांचा सिद्धान्त ऑस्पिकियापुरता ठीक, पण यकृतापाशी तो तुटतो.

आधी विधी. पशू निर्दोष हवा, देवाला नर आणि देवीला मादी, ज्युपिटरला पांढरा. यजमान टोग्याचा सोगा डोक्यावरून घेतो. प्रार्थना एकजण वाचून दाखवतो, दुसरा ती शब्दशः तपासतो, तिसरा लोकांना गप्प बसवतो आणि बासरीवाला वाजवत राहतो, म्हणजे प्रार्थनेखेरीज दुसरा आवाज कानावर येणार नाही. ही सगळी योजना प्लिनीने दिली आहे. इतका बंदोबस्त का, तर इ.स.पू. १७६ च्या लॅटिन उत्सवात लानुवियुम या गावाच्या पदाधिकाऱ्याने एका बळीच्या वेळी प्रार्थनेतला 'रोमन जनतेसाठी' हा भाग गाळला. प्रकरण सिनेट या रोमच्या ज्येष्ठांच्या सभेपर्यंत गेलं, अख्खा उत्सव पुन्हा करायचा ठरला आणि पशूंचा खर्च लानुवियुमच्या गळ्यात पडला.

मग पशूच्या डोक्यावर मोला साल्सा शिंपडायचं. हे खारं भरड पीठ चूलदेवी वेस्टाच्या कुमारिका करत. धान्य कुठलं? ज्याला आपण खपली गहू म्हणतो तोच. ७ ते १४ मे या काळात दिवसाआड तीन ज्येष्ठ कुमारिका कणसं आणत, भाजत, कांडत आणि पीठ करून ठेवत. त्यात मीठ मिसळून मोला साल्सा वर्षातून तीनदा तयार होई: फेब्रुवारीतला लुपेर्कालिया, जूनमधला वेस्टालिया आणि १३ सप्टेंबर. पिठानंतर वाइन, मग सुरी कपाळापासून शेपटीपर्यंत नुसती फिरवायची. घाव घालणारा पोपा, गळा कापणारा कुल्त्रारियुस, दोघे वेगळे.

पशू उताणा करून पोट उघडलं की यकृत, पित्ताशय, हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा बघायचा. सगळं जागच्या जागी आणि धड असलं तर देवाने बळी स्वीकारला, याला लितातियो म्हणत. इथपर्यंत रानवाटांचा 'हो किंवा नाही' चालतो. पण हरुस्पेक्स याच्या पुढे जातो. त्याच्या लेखी यकृताचे दोन भाग असतात, एक आपला आणि एक शत्रूचा. यकृताच्या खालच्या बाजूला जो उंचवटा असतो त्याला ते 'डोकं' म्हणत. डोकं मोठं आणि भरदार असेल तर चांगलं, चिरलेलं असेल तर संकट, मुळीच नसेल तर याहून वाईट काही नाही. १८७७ मध्ये पियाचेन्झाजवळ गोस्सोलेन्गोला शेतात मेंढीच्या यकृताची कांस्य प्रतिकृती सापडली. लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तळहातावर मावणारी. कडेला १६ घरं, आत आणखी, प्रत्येकात एत्रुस्कन देवांची नावं. आकाशाचे जे १६ भाग ते मानत त्यांचीच ही घरं. म्हणजे कोणत्या घरात डाग आहे यावरून कोणता देव रागावलाय हे ठरवायचं. परवानगीच मागायची असती तर एवढा नकाशा कशाला?

जाता जाता: वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस म्हणतो की पूर्वज नवं गाव किंवा कायमची छावणी वसवण्याआधी तिथे चरलेल्या जनावरांची यकृतं बघत. पहिलं काळंनिळं, सडकं निघालं तर आणखी काही कापून बघत आणि सगळीच तशी निघाली तर जागा बदलत. पाणी आणि चारा वाईट असेल तर यकृतावर दिसणारच. मेंढ्यांमधल्या यकृतकृमीचा नुसता विचार करा. मात्र रोममधल्या देवळासमोर जे चाले त्याचा या पशुवैद्यकीशी संबंध जोडायचा मोह मी टाळेन.

तिरकस

आडकित्ताताई, माहिती उत्तम, पण तुमच्या लितातियोनेच माझं काम सोपं केलंय. बळी नाकारला गेला तर रोमन काय करत? दुसरा पशू. तोही नाकारला? तिसरा. इ.स.पू. १६८, पिद्नाची लढाई. एमिलियुस पाउल्लुसने हर्क्युलिसला एकामागून एक वीस बैल दिले आणि एकही लागू पडला नाही. एकविसाव्याला कौल मिळाला, तोही अट घालून: आधी हल्ला करू नका, बचाव करा, जिंकाल. आता चरित्रकार प्लुटार्कच सांगतो की पाउल्लुसला सकाळी लढायचं नव्हतं, ऊन सैनिकांच्या डोळ्यांवर येत होतं, ते कलेपर्यंत त्याला वेळ काढायचा होता. एकवीस बैल कापायला किती वेळ लागतो? बरोबर तेवढाच, जेवढा सेनापतीला हवा होता. हो म्हणेपर्यंत विचारत राहायचं याला मी प्रश्न विचारणं म्हणत नाही.

आडकित्ता

मग याच हिशेबाने इ.स.पू. १७६ चं वर्ष सोडवून दाखवा. लॅटिन उत्सवाचा घोळ झाला तेच वर्ष. कॉन्सल ग्नेयुस कॉर्नेलियुसने सिनेटला सांगितलं की बैलाचं यकृत शिजायला टाकलं आणि भांड्यात ते विरघळून गेलं, बाकी अवयव शाबूत. दुसरा कॉन्सल पेतिलियुस म्हणाला, माझ्या बळीच्या यकृताला डोकंच नव्हतं. सिनेटने हुकूम दिला की स्वीकार होईपर्यंत मोठे पशू देत राहा. बाकी देवांनी घेतले, पण आरोग्याची देवता सालुसने पेतिलियुसचा बळी काही घेतला नाही. कॉर्नेलियुस आल्बान डोंगरावरून परतताना कोसळला, अर्धं अंग गेलं, कुमीच्या पाण्याने गुण येईना, तिथेच वारला. पेतिलियुस त्याच वर्षी लिगुरियन लोकांशी लढताना भाल्याने मेला.

लिव्हीने नंतरची जुळवाजुळव केली असेल, ते मी धरून चालते. पण 'हो म्हणेपर्यंत विचारतात' हे म्हणणं इथे टिकत नाही. सरकारी हुकूम, सरकारी खर्च, हाताशी पशू हवे तेवढे, आणि तरी एका देवतेचा नकार जसाच्या तसा नोंदीत राहिला. सगळं बनावटच असतं तर हा शेवटचा होकार मिळवणं त्यांना काय जड होतं?

खडूफळा

भांड्यात यकृत विरघळतं का पण? शिजवून शिजवून कडक होतं एवढंच ऐकलंय.

रानवाटा

@आडकित्ता, तुमचा आक्षेप मी असा हाताळेन. ऑगुर ही राज्यसंस्थेची अंगभूत व्यवस्था. हरुस्पेक्स मात्र बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ. आकाशातून दगडांचा पाऊस, दुधाचा पाऊस, दोन डोक्यांचं वासरू, असं काही घडलं की बातमी सिनेटकडे यायची. सिनेट आधी ठरवायचं की हे सरकारी संकट मानायचं की नाही. खाजगी जमिनीवर घडलेलं किंवा परक्यांच्या हद्दीतलं इ.स.पू. १६९ मध्ये सरळ बाद केलेलं दिसतं. मानलं तरच पुढे पाठवायचं: पॉन्टिफ (मुख्य पुरोहित), सिबिल या भविष्यवादिनीच्या ग्रंथांचे दशाधिकारी किंवा हरुस्पेक्स यांच्याकडे. आणि उत्तर बहुधा 'काय होणार' असं नसे, 'काय करा' असं असे. दगडांच्या पावसाला नऊ दिवसांचा विधी, ठरलेला. सोळा घरांच्या नकाशाचा उपयोगही तोच, कोणत्या देवाचं देणं फेडायचं हे शोधणं.

@तिरकस, तुम्ही निवडक उदाहरणं देताय. हे घ्या. इ.स.पू. १६३ मध्ये कॉन्सल तिबेरियुस ग्राक्खुस (प्रसिद्ध भावंडांचा बाप, आणि स्वतः ऑगुर) पुढच्या वर्षाच्या कॉन्सलांची निवडणूक घेत होता. निकाल सांगणारा पहिला अधिकारी जागेवर मरून पडला. हरुस्पेक्सांना विचारलं, ते म्हणाले निवडणूक घेणाराच रीतसर नव्हता. ग्राक्खुस भडकला, 'तुम्ही एत्रुस्कन रानटी आम्हाला आमचे शकुन शिकवणार?' म्हणत त्यांना हाकललं. निवडून आलेले कॉन्सल कामाला लागले. पुढे सार्डिनियात असताना त्याने ऑगुरांचे ग्रंथ वाचले आणि त्याला आठवलं: शकुनाचा तंबू स्किपिओच्या बागेत ठोकला होता, मध्ये सिनेटच्या बैठकीसाठी तो पोमेरियुम ही नगराची पवित्र हद्द ओलांडून आत गेला, आणि परत बाहेर येताना हद्द ओलांडण्याचा शकुन पुन्हा घ्यायला विसरला. त्याने स्वतः पत्र लिहून ऑगुरांना कळवलं. सिनेटने एका कॉन्सलला कॉर्सिकाहून आणि दुसऱ्याला गॉलमधून परत बोलावलं आणि दोघांनी राजीनामे दिले. कुणालाही दिसलेली नसलेली, कुणी सिद्ध करू शकला नसता अशी चूक. आणि पदावरून गेलेला स्किपिओ नासिका कोण? ग्राक्खुसचा सख्खा साडू! दोघांच्या बायका थोरल्या स्किपिओ आफ्रिकानुसच्या मुली.

तिरकस

साडू होता म्हणून प्रेम होतं हे गृहीत धरणारा माणूस मराठी लग्नांना जात नसावा.

गंमत सोडा. दोन कॉन्सलांना वर्षाच्या मध्यात घरी बसवायची ताकद एका पत्रात होती, आणि ते पत्र लिहिण्याचा किंवा न लिहिण्याचा निर्णय एका माणसाचा होता. मी हेच तर म्हणतोय. हेतू शुद्ध होता की नाही यावर भांडायची गरजच नाही, हत्यार कुणाच्या हातात होतं ते बघा.

आणि शेवटच्या शतकात तर लाजही उरली नाही. इ.स.पू. ५७ चा नोव्हेंबर. क्लोदियुसला एडाइल (नगरव्यवस्था बघणारा अधिकारी) व्हायचंय, ट्रिब्युन मिलोला ते होऊ द्यायचं नाही. नियम असा, की पदाधिकाऱ्याने 'मी आकाश बघणार' म्हटलं आणि निवडणूक घेणाऱ्याला समक्ष गाठून अपशकुन कळवला की सभा बंद. मिलो मध्यरात्रीच्या आधीपासून माणसं घेऊन मार्सच्या मैदानात, म्हणजे निवडणुकीच्या जागी, तळ ठोकून. कॉन्सल मेतेल्लुस त्याला म्हणतो, रात्रभर इथे कशाला, पहाटे फोरमवर ये, तिथे कळव. मिलो उजाडायच्या आत फोरमवर, आणि मेतेल्लुस आडवाटांनी लपतछपत मैदानाकडे पळतोय! मिलोने त्याला वाटेत गाठून अपशकुन कळवला. सिसेरोने हे मित्राला पत्रात अगदी चवीने लिहिलंय. यात आकाशाकडे एकदा तरी कुणी पाहिलं का?

इ.स.पू. ४४ मध्ये अँटनीने याचा कळस केला. दोलाबेल्लाची कॉन्सलपदावरची निवड मी ऑगुर म्हणून रोखणार, असं त्याने कित्येक दिवस आधी जाहीर केलं. सिसेरोने त्याला तांत्रिक मुद्द्यावरच पकडलं: ऑगुरला फक्त दिसलेला शकुन कळवता येतो, आधीपासून आकाश न्याहाळत बसण्याचा हक्क पदाधिकाऱ्याचा. मग काय दिसणार हे तुला आधी कसं ठाऊक? शेवटी अँटनीने मतदान आटोपल्यावर 'दुसऱ्या दिवशी' हे ठरीव शब्द उच्चारले.

रानवाटा

मिलो का धावला, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही का? कागदावर खोटा अपशकुन लिहून चिकटवला असता तर भागलं असतं ना? नाही भागलं. समक्ष गाठावं लागतं, सभा सुरू होण्याआधी, योग्य जागी, योग्य माणसाने. म्हणून कॉन्सल लपतो आणि ट्रिब्युन पळतो. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरचा सहकारी कॉन्सल बिबुलुसने नेमकं उलटं केलं. सुरुवातीला तो फोरमवर गेला तेव्हा त्याच्या अंगावर शेण टाकलं आणि त्याच्या रक्षकांचे, अधिकाराची खूण असलेले दंडभारे मोडले. मग वर्षातले आठ महिने घरात बसून 'मी आकाश बघतोय' अशा सूचना बाहेर पाठवत राहिला. सीझरने कायदे करून टाकले, आणि ते वैध की नाहीत यावर वर्षानुवर्षं वाद चालला, पण रद्द झाले नाहीत. नकाराधिकार म्हणावा तर एवढा कच्चा नकाराधिकार कुणाच्या काय कामाचा?

आडकित्ता

बिबुलुसचे शब्द वाया गेले हे खरं, पण 'खोटा शकुन' या कल्पनेला रोमन स्वतः कसे सामोरे गेले याचं बिबुलुसपेक्षा अवघड प्रकरण आहे. इ.स.पू. ५५ मध्ये सेनापती क्रास्सुस पार्थियावर (इराणकडच्या साम्राज्यावर) निघाला तेव्हा ट्रिब्युन अतेयुसने घोर अपशकुन जाहीर केला. क्रास्सुसने जुमानलं नाही, आणि इ.स.पू. ५३ मध्ये कार्र्हाईला सैन्यासकट संपला. इ.स.पू. ५० मध्ये सेन्सॉर आप्पियुस क्लाउदियुसने, जो ऑगुर होता आणि या विद्येवर मनापासून विश्वास ठेवणारा होता, अतेयुसला शिक्षा केली. आरोप काय, तर शकुन खोटा रचला आणि त्यामुळे रोमन लोकांवर अनर्थ ओढवला.

सिसेरोच्या ग्रंथात भाऊ क्विन्तुस शकुनांची बाजू घेतो, आणि तोच इथे अडखळतो: खोटा होता तर त्याने अनर्थ कसा ओढवला? दोष असेल तर तो न ऐकणाऱ्याचा. म्हणजे बघा, विश्वास ठेवणाऱ्यांतच दोन पंथ. आप्पियुसच्या मते उच्चारलेला अपशकुन, खरा असो-खोटा असो, लागू होतो. हे रानवाटांच्या पापिरियुसच्या न्यायाशी जुळतं. क्विन्तुसच्या मते अपशकुन इशारा देतो, घडवत नाही, म्हणजे भविष्यच की. एका पिढीतले, एका वर्गातले दोन सुशिक्षित रोमन. यातल्या एकालाच 'खरी रोमन भूमिका' म्हणायला मी तयार नाही, आणि दोघांनाही ढोंगी म्हणायला तर मुळीच नाही.

उत्तरायण

उशिरा येतोय. तुम्ही सगळे प्रजासत्ताकातच अडकलात. सरकारला शकुनांची भीती कधी वाटली ते बघा, म्हणजे ते त्याला परवानगी समजत होते की भविष्य हे कळेल. इ.स. ११ मध्ये पहिला सम्राट ऑगस्टसने फर्मान काढलं: भविष्य सांगणाऱ्याने कुणालाही एकांतात काही सांगू नये, आणि मृत्यूबद्दल तर साक्षीदार असले तरी सांगू नये. इ.स. १६ मध्ये लिबो द्रुसुसच्या खटल्यानंतर ज्योतिषी इटलीतून हद्दपार झाले. त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियसने हरुस्पेक्सांना गुपचूप, साक्षीदारांशिवाय विचारायला बंदी केली. सम्राट कधी मरणार हे कुणी यकृतात बघू लागला तर तो कटाची तयारी करतोय असं धरलं जाई. नुसत्या परवानगीसाठी कुणी माणसं हद्दपार करत नाही.

रानवाटा

बंदी कसली होती तेवढं नीट वाचा: एकांताची. सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ.स. ३१९ च्या सुमारास हुकूम काढला की जो हरुस्पेक्स दुसऱ्याच्या घराचा उंबरठा ओलांडेल त्याला जिवंत जाळावं. त्याच सुमाराच्या हुकमांत, ज्यांना हवं त्यांनी सार्वजनिक वेदीवर जावं, उघड विधी करायला बंदी नाही, असंही आहे.

उत्तरायण

आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत त्याच ख्रिस्ती बाजूच्या सम्राटाचा आणखी एक हुकूम: राजवाड्यावर किंवा सरकारी इमारतीवर वीज पडली तर जुन्या रिवाजाप्रमाणे हरुस्पेक्सांना विचारा आणि त्यांनी काय सांगितलं ते लेखी, नीट बांधून माझ्याकडे पाठवा. परवानगी कसली मागत होता तो? वीज तर पडून गेली होती.